गप्प असलेला आधी

बाळा,

तुझी चिठ्ठी वाचली. "मॅडम, ड्रिल म्हणजे नाटकच. खरे पेशंट असते तर मी चुकले नसते." हे वाक्य दोन दिवस टोचतंय मला.

परवाच्या अपघाताच्या ड्रिलमध्ये पेशंट बनून किंचाळणाऱ्या मैत्रिणीच्या हाताला तू स्प्लिंट बांधलंस, ते सुरेखच होतं. तेवढ्यात खांबाला टेकलेला मुलगा, गळ्यात 'श्वास 36' अशी चिठ्ठी, अकरा मिनिटं तसाच पडून राहिला. मिनिटाला 30च्या वर श्वास म्हणजे लाल टॅग, म्हणजे सगळ्यात आधी उपचार, हे तुला पाठ आहे. पाठ असूनही पाय आवाजाकडे वळले. खऱ्या पेशंटसमोरही तिकडेच वळतात. माझे वळले होते.

30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, पहाटे चारच्या सुमाराला माणसं गाढ झोपेत. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. आमच्या कॅज्युअल्टीत जीप भरभरून जखमी येत होते. मी नवी स्टाफ नर्स. मोडलेला हात धरून एकजण "सिस्टर, सिस्टर" ओरडत होता, मी त्याच्याकडे धावले. दारापाशी आठ-नऊ वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. पापण्यांवर माती. गप्प. मला वाटलं, शहाणी आहे पोर. परत वळले तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

ट्रायेज, म्हणजे खूप जखमींत आधी कुणाला बघायचं ते ठरवणं, हा शब्द तेव्हा मला कुणी शिकवला नव्हता. सबब म्हण हवं तर. पण म्हणूनच मी न सांगता ड्रिल लावते, दिवे घालवते, साखरेच्या पाकात लाल रंग कालवून अंगावर ओतते. पोरी रडतात, सहकारी मला निर्दयी म्हणतात. म्हणू देत! वर्गात रडलेली परवडते.

अगं, ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे त्याचं ओरडणंच सांगतं. चालता येतं त्यांना आधी एका बाजूला पाठव, मग गप्प असलेल्याकडे जा. श्वास, नाडी, सांगितलेलं कळतंय का. एकेकाला अर्धा मिनिट, टॅग, पुढे. गाठी कितीही देखण्या येत असल्या तरी बँडेज नंतर. गप्प असलेला आधी. किती वेळा सांगू?

आणि नर्सिंग सोडायचं पुन्हा लिहू नकोस. तुझ्यासारखे हात दहा वर्षांत एखादीचे बघायला मिळतात.

सोमवारी पुन्हा ड्रिल आहे, कुणाला बोलू नकोस. या वेळी पेशंट तू. खांबापाशी बसायचं, तोंडातून आवाज काढायचा नाही. घड्याळ घालून ये. तुझ्यापर्यंत पहिली मुलगी किती मिनिटांनी पोचते, ते मला लिहून दे.

तुझी मॅडम