वाचकांचे प्रश्न : तिसरा दगड टिकत का नाही?

प्रश्न : नर्सरीतून आणलेले गुळगुळीत गोटे बागेत एकावर एक रचते. तिसरा ठेवला की सगळे कोसळतात. न चिकटवता जमेल का?

उत्तर : जमेल, पण हे गोटे बाजूला ठेवा. पॉलिशमुळे त्यांना पकडच उरत नाही. शेताच्या बांधावर वेचून टाकलेले खरखरीत काळे दगड मालकाला विचारून आणा. उचलण्याआधी काठीने उलटून पाहा. खाली विंचू असू शकतो.

बुडाचा दगड आठ-दहा किलोचा घ्या आणि त्याचा एक तृतीयांश भाग कचेवर (बारीक खडीवर) बसवून जमिनीत गाडा. पुढचा दगड दोन्ही हातांनी धरून अगदी हळू फिरवत राहा. शोधायचे असतात तीन टेकू. तीन बिंदूंवर दगड बसला की बोटांना ते कळतं, डुलणं थांबतं. दोनच मिळाले तर तो एका बाजूला झुलणारच. हा त्रिकोण काही मिलिमीटरचाही चालतो, मात्र वरच्या सगळ्या दगडांचा मिळून गुरुत्वमध्य त्याच्या बरोबर वर हवा.

तुमची गडबड बहुधा इथेच आहे. दुसरा दगड आधीच एकीकडे कललेला असतो, तिसऱ्याचं वजन त्याच बाजूला पडतं आणि दुसरा सुटतो. तिसरा किंचित उलट बाजूला सरकवा. पायात जाड बूट असू द्या.

प्रश्न : घरात लहान मुलं आहेत, शिवाय कोकणातला पाऊस. रचना कायमची कशी करावी?

उत्तर : आतून सळई घालून. खरं तर मग तो तोलाचा खेळ राहत नाही, पण मुलं असताना हेच योग्य. 10 मिमीची स्टेनलेस स्टीलची सळई, 12 मिमीचं भोक आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा पक्का गोंद). साधी सळई गंजते, गंज फुगतो आणि दगड तडकतो. डायमंड कोअर बिट (हिऱ्याच्या कणांची धार असलेलं नळीसारखं पोकळ टोक) वापरा, ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देण्याची सोय, बंद ठेवा. भोकाभोवती चिकणमातीचं छोटं आळं करून त्यात पाणी ठेवा. ड्रिलवर पाणी उडू देऊ नका. सगळ्यात वरच्या दगडाला आरपार भोक नको, दोन तृतीयांश खोली पुरते. इपॉक्सी भरण्याआधी भोक धुऊन पूर्ण कोरडं करा, म्हणजे हे काम पावसाळ्याआधीच उरका.

प्रश्न : ओढ्यातले गोटे आणले तर?

उत्तर : आणू नका. त्यांच्याखाली खेकडे आणि पाणकिड्यांच्या अळ्या राहतात.