रेड वाईन फ्रिजमध्ये ठेवायची की बाहेर?

रेड वाईन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात, मग फ्रिजमध्ये ठेवायची का, असं तुम्ही विचारलंय. जरूर ठेवा. तो नियम युरोपातल्या थंड घरांचा; रेडला 16 ते 18 अंश पुरतात. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच 32 अंशांवर असते. तेवढ्या कोमट शिराझचा (ही एक रेड वाईन) ग्लास नाकाशी नेला की फळांच्या वासाआधी अल्कोहोलचा भपकाच येतो. पिण्याआधी तासभर फ्रिजमध्ये ठेवा, फरक लगेच कळेल. व्हाईट मात्र दोन-तीन तास गार करा, 8 ते 12 अंशांपर्यंत. नाशिकची शेनिन ब्लाँ (ही एक व्हाईट वाईन) आणि कोळंबी फ्राय, ही जोडी मला फार आवडते. ग्लास एक तृतीयांशच भरा, दांडीला धरा. हाताच्या उबेनं वाईन तापते. उरलेली बूच लावून फ्रिजमध्येच ठेवा, तीन दिवसांत संपवा.