नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं मुद्दाम जाऊन बघण्यासारखी आहेत का? तिथे नुसते दगडच आहेत असं ऐकलंय.

जरूर जा. फक्त लेणी किंवा किल्ला बघायच्या तयारीनं जाऊ नका. कोरीवकाम नाही, भिंती नाहीत. माळावर काळ्या दगडांची रिंगणं आहेत आणि ती लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली आहेत. साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची ही दफनभूमी. एवढं माहीत असलं की त्यांना 'नुसते दगड' म्हणवत नाही.

नागपूरहून काटोल रस्त्याला लागलात की जुनापाणी फार लांब नाही. सुमारे ३०० वर्तुळं आहेत, पण सगळी बघत सुटू नका. एकच निवडा आणि त्याच्याभोवती सावकाश फिरा. कडेला मोठाले दगड, आत माती नि गोट्यांची भर, म्हणून मधला भाग किंचित फुगलेला. मग कडेचे दगड जवळून न्याहाळा. काहींवर वाटीसारखे छोटे खळगे आहेत, ओळीनं केलेले. बोटाचं पेर टेकेल एवढेच. ते माणसाच्या हातचे आहेत हे लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या एका दगडापाशीच बसून होतो.

हे खळगे भर दुपारी दिसतच नाहीत. तिरपं ऊन हवं, म्हणून सकाळी लवकर पोचा, तेही हिवाळ्यात. पावसाळ्यात गवत माजतं आणि नागपूरच्या मे महिन्याबद्दल काय सांगायचं! फोटोत खळगे उठून दिसावेत म्हणून खडू मात्र फासू नका, आणि दगड जागचे हलवू नका. कुठला दगड कुठे ठेवला, हाच इथला पुरावा आहे. जागा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ मध्येच इथल्या वर्तुळांबद्दल लिहिलं होतं, पुढे १९६०च्या दशकात बी. के. थापर यांनी उत्खनन केलं.

जाण्याआधी माहुरझरीबद्दल थोडं वाचून ठेवा. तेही याच बाजूला आहे. तिथल्या दफनांत घोड्यांची हाडं आणि घोड्याच्या डोक्यावर चढवायचे तांब्याचे दागिने मिळाले. मला हे सगळ्यात जवळचं वाटतं, कारण कुणीतरी आपलं जनावर सजवून धन्याच्या सोबतीला दिलं होतं. पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली आहे.