छोटी मायटर सॉ आणि कोपऱ्यातली फट

प्रश्न : आमच्या जुन्या चिऱ्याच्या घराची दुरुस्ती मी सुट्टीच्या दिवशी स्वतःच करीत आहे. दारांच्या चौकटींभोवती सागवानी पट्ट्या, खोल्यांना लाकडी स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी), माळ्यावर पार्टिशनचा सांगाडा आणि पुढे कौलांखालचे काही वासे बदलणे, अशी कामे आहेत. १८४ मिलिमीटर पात्याची छोटी मायटर सॉ (लाकूड हव्या त्या कोनात आडवे कापणारे यंत्र) या सर्वांना पुरेल का? मित्राच्या यंत्रावर ४५ अंशांत कापूनही चौकटीच्या कोपऱ्यात फट राहिली, ती कशामुळे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : पट्ट्या, स्कर्टिंग आणि पार्टिशनचा सांगाडा यांना ती पुरेल, वाशांना बहुधा पुरणार नाही. अशी यंत्रे साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच जाडीचे लाकूड एका दमात कापतात. अडीच इंच जाड आणि पाच इंच उंच वासा आडवा ठेवला काय किंवा उभा, पाते आरपार जात नाही. पाते पुढेमागे सरकणारे यंत्र घेतले तर जास्त रुंद फळी कापता येते, पण जाडीची मर्यादा तीच राहते, आणि दुकानात हा फरक कोणी आपणहून सांगत नाही. वाशांसाठी गुण्याने (काटकोन तपासायच्या पट्टीने) चारही बाजूंना रेघ मारून हातातली सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत) दोन्ही बाजूंनी चालवावी, किंवा ते काम सुताराकडे द्यावे. रिपा, म्हणजे कौलांखालच्या बारीक पट्ट्या, मात्र याच यंत्रावर झटपट होतात.

फटीचे कारण बहुधा चौकटीत आहे. जुन्या घरातल्या चौकटी क्वचितच काटकोनात असतात. कोपरा ९२ अंशांचा असेल तर त्याचा अर्धा ४६. पण यंत्राच्या मोजपट्टीवर शून्य म्हणजे सरळ आडवा काप असल्यामुळे ती ४६ वर न लावता ४४ वर (९० वजा ४६) लावावी लागते, आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. तोच कोपरा ४५ वर कापला, तर ७५ मिलिमीटर रुंद पट्टीच्या सांध्यात एका टोकाला पावणेचार मिलिमीटरच्या आसपास फट उरते. म्हणून कोपरा आधी मोजावा आणि टाकाऊ तुकड्यांवर काप घेऊन ते जागेवर लावून पाहावेत. स्कर्टिंगच्या आतल्या कोपऱ्यात तर एक पट्टी सरळ भिंतीला भिडवून दुसरीचे टोक पहिलीच्या नक्षीप्रमाणे कोरणे, हाच माझ्या मते उत्तम मार्ग आहे, कारण भिंत थोडी वाकडी असली तरी तो सांधा निभावून नेतो.

यंत्राचीही परीक्षा घ्यावी. समांतर कडांची फळी शून्यावर कापून एक तुकडा उलटा करावा, दोघांच्या एकाच बाजूच्या कडा सरळ पट्टीला टेकवून कापलेली टोके जुळवावीत. दिसणारी फट मूळ चुकीच्या दुप्पट असते.

आपल्याकडचा दमटपणाही लक्षात घ्यावा. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगते. त्यामुळे पावसाळ्यात ओलसर पट्ट्या बसवल्या की कोरड्या दिवसांत सांधा आतल्या कोपऱ्याशी उघडतो. पट्ट्या काही आठवडे त्याच खोलीत ठेवून मग कापाव्यात, आणि शक्यतो पाऊस संपल्यावर बसवाव्यात.

सांगाड्याला २४ दातांचे पाते चालते. पट्ट्यांना ४० ते ६० दातांचे लावावे, म्हणजे कड फाटत नाही. जुन्या लाकडातले खिळे आधी काढावेत. हात पात्यापासून १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, आखूड तुकडा क्लॅम्पने धरावा आणि पाते पूर्ण थांबल्याशिवाय वर उचलू नये. सागाचा असो वा एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा), भुसा फुप्फुसांना घातक असतो. मास्क आणि चष्मा लावूनच यंत्र सुरू करावे.