नोकरी सांभाळून मिक्स्ड मीडियाचं रंगीबेरंगी, गमतीदार आयुष्य जगता येतं का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. दिवसभर आकडेमोडीची नोकरी, चित्रकलेचं शिक्षण नाही, तरी मिक्स्ड मीडिया, म्हणजे रंग, कात्रणं, ठसे, पेनं असं सगळं एकाच चित्रात वापरणाऱ्या कलाकारांचं ते रंगांनी माखलेलं, मनमौजी आयुष्य आपल्याला जमेल का? त्यासाठी नोकरी सोडावी का? आणि आपण काहीही करायला घेतलं की शेवटी त्याचा तपकिरी चिखलच का होतो? मी हे काम बरीच वर्षं करते, थोडंफार शिकवतेही, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करते. चिखलाचं उत्तर सगळ्यात सोपं आहे, पण ते जरा पुढे येईल.

आधी त्या आयुष्याबद्दल. फोटोत दिसतं ते असं: पिवळीधमक भिंत, दोन पायांत दोन रंगांचे मोजे, बरणीत ब्रशांचा गुच्छ. असे फोटो मीही टाकते, टेबल आवरून झाल्यावर. प्रत्यक्षात वेळ जातो तो थर वाळायची वाट बघण्यात, कात्रणं लावून ठेवण्यात, बोटांवरचा वाळलेला गोंद सोलण्यात आणि एखादा चिटोरा फेकावा की ठेवावा यावर डोकं खाजवण्यात. मला हे मनापासून आवडतं. ज्यांना हे वाचूनच कंटाळा आला त्यांनी सरळ रंगीत कपडे घ्यावेत, स्वस्तात काम होईल.

कारण बाहेरून दिसणारं रंगीत आयुष्य आणि रंगीत काम यांचा फारसा संबंध नसतो. जोसेफ कॉर्नेल या अमेरिकन कलाकाराचं घ्या. काचेच्या झाकणाच्या उथळ लाकडी पेट्यांमध्ये पक्ष्यांची कात्रणं, नकाशे, काचेचे पेले, छोटे चेंडू मांडून तो एकेक अद्भुत दुनिया उभी करायचा. चित्रकलेचं शिक्षण शून्य. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका साध्या घरात आई आणि अपंग भावासोबत राहायचा, कितीतरी वर्षं कापडाच्या धंद्यात नोकरी केली, पेट्या करायचा त्या रात्री, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. युरोपात त्याने कधी पाऊल ठेवलं नाही, पण त्याच्या पेट्यांमध्ये तिथली जुनी हॉटेलं आहेत, नावांच्या पाट्यांसकट. १९७२ साली, म्हणजे अगदी शेवटी, त्याचं एक प्रदर्शन खास मुलांसाठी भरलं. पेट्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावल्या होत्या आणि खाऊ म्हणून ब्राउनी आणि चेरी कोक. याहून मनमौजी माणूस मला माहीत नाही, आणि शेजाऱ्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, गप्प गप्प असतो बिचारा.

तेव्हा नोकरी सोडू नका. निदान एवढ्यासाठी तरी नाही. पगार हे एक कारण झालंच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे माल. या कलेचा कच्चा माल दुकानात मिळत नाही, तो रोजच्या व्यवहारातून गळून पडतो. बर्लिनची कलाकार हाना होख १९१६ पासून दहा वर्षं उलश्टाइन या मोठ्या प्रकाशनगृहात विणकाम-भरतकामाचे नमुने आखायची. तिच्या फोटोमोंटाजमध्ये, म्हणजे फोटोंची कात्रणं जोडून केलेल्या चित्रांमध्ये, त्याच प्रकाशनाच्या मासिकांमधली डोकी, यंत्रं आणि पाय आहेत. म्हणजे पोटासाठी जिथे राबायची तिथलाच माल घरी कापायची! जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटं, वेष्टनं, रस्त्यातला कचरा चित्रांत चिकटवायचा आणि घर चालवायला जाहिराती आखून द्यायचा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबलं, तिथे साहित्य मिळेना, तर पठ्ठ्याने जेवणातल्या पॉरिजपासून, म्हणजे ओटच्या लापशीपासून, शिल्पं केली. त्यांना बुरशी धरली, वास मारायला लागली, ती गोष्ट वेगळी.

तुमच्याकडे आकडे आहेत. छापील रकाने, रद्द पावत्या, आलेखाचा कागद, फाइलींमधले रंगीत दुभाजक. आणि लिफाफे! पत्र बाहेरून वाचता येऊ नये म्हणून काही लिफाफ्यांच्या आतल्या बाजूला निळी-राखाडी नक्षी छापलेली असते. ती कधी नीट बघितली आहे का? कुठे जाळी, कुठे लाटा, कुठे बारीक अक्षरांचं जंगल. दोन कंपन्यांची नक्षी सहसा सारखी नसते. गोपनीय कागद अर्थातच सोडा, बाकी रद्दीच्या टोपलीशी मैत्री करा.

जमवलेला माल विषयानुसार लावायचा मोह होतो. कॉर्नेलच्या तळघरातही खोक्यांवर 'शिंपले', 'घड्याळाचे भाग' अशी लेबलं होती. एवढ्या मोठ्या माणसाशी वाद घालणं बरं नाही, पण मी रंगानुसार लावते. 'पक्षी' लिहिलेलं पाकीट उघडलं की पक्षीच निघणार, त्यात नवल ते काय! निळ्या पाकिटातून मात्र तिकिटाचा तुकडा, समुद्राचा नकाशा आणि लिफाफ्याची नक्षी एकदम बाहेर पडतात आणि ती एकमेकांशी काहीतरी बोलायला लागतात. अर्धी चित्रं मला अशीच सुचतात.

आता चिखल. लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा या जोड्या एकमेकींना मारतात. ओल्या असताना एकत्र आल्या की तपकिरी किंवा राखाडी होतात. तुम्ही उत्साहाच्या भरात ओल्यावर ओला रंग चढवता, दुसरं काही नाही. उपाय म्हणजे थांबणं. ॲक्रिलिक एकदा पुरतं वाळलं की पाण्याने पुन्हा विरघळत नाही, त्यामुळे वाळलेल्या लाल थरावर हिरवा बिनधास्त चढवा, दोघं आपापल्या जागी राहतात. वॉटरकलर तसं नाही, ते पाणी लागलं की पुन्हा जागं होतं. म्हणून खालचे थर ॲक्रिलिकचे ठेवले की पुष्कळ कटकटी मिटतात. एकाच बैठकीत चित्र संपवायचा हट्ट सोडा. तीन-चार कामं एकदम हाताशी ठेवा, एक वाळेपर्यंत दुसरं. नोकरी करणाऱ्याला हे उलट सोयीचं पडतं, कारण रात्री थर दिला की सकाळपर्यंत तो वाळलेला असतो.

थरांचा क्रमही एकदा डोक्यात बसवून घ्या. कागद जाड हवा, तीनशे जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपास, नाहीतर पाण्याने पोळीसारखा फुगतो. त्यावर जेसोचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या अस्तराचा, एक हात. मग कात्रणं. गोंद कात्रणाच्या पाठीला आणि खालच्या कागदाला, दोन्हीकडे पातळ लावायचा, आणि बोट किंवा जुनं प्लास्टिकचं कार्ड मधून कडेकडे फिरवत हवा काढायची. ओला कागद ताणला जातो, म्हणून काही सुरकुत्या तेव्हा दिसतात आणि वाळताना आपोआप बसतात. त्या उकरत बसू नका. मग रंग, ठसे, स्टेन्सिल. पाण्यात विरघळणारे मार्कर आणि पेनं त्यावर, आणि त्यांच्यावर मीडियमचा (ॲक्रिलिकच्या बिनरंगी द्रवाचा) ब्रश फिरवायचा नाही, ओघळ येतात. ऑइल पेस्टल अगदी शेवटी, कारण तेलकट थरावर ॲक्रिलिक धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटतं. वर्तमानपत्राचं कात्रण काही महिन्यांत पिवळं पडतं, त्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो. पिवळेपणा नको असेल तर त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती वापरा. आणि वहीत काम करत असाल तर दोन पानांमध्ये बटर पेपर घालायला विसरू नका. ॲक्रिलिकची पानं वाळल्यावरसुद्धा एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना दोन्ही चित्रं जातात.

राहिली गंमत, म्हणजे तुमच्या प्रश्नातला 'गमतीदार' हा शब्द. इथे माझं मत जरा कडक आहे. बरेच जण कशावरही काहीही चिकटवतात, वर चमकी टाकतात आणि त्याला मनमौजी म्हणतात. बघणारा हसतही नाही आणि थांबतही नाही. गंमत यायला त्या चित्रातली एक सोडून बाकी प्रत्येक गोष्ट खरी वाटावी लागते.

समजा, कावळ्याला बूट घालायचे आहेत. कावळा जुन्या छापील चित्रातला, बूट एखाद्या जाहिरातीतले. नुसते चिकटवले तर ते कावळ्याच्या पायांशेजारी पडलेले बूट दिसतात. आता पायाचा खालचा भाग कापून टाका, बुटाच्या तोंडाला ब्लेडने बारीक चीर द्या आणि पाय त्या चिरेत खोवा. कावळ्यावर उजेड डावीकडून येत असेल तर बुटावरही डावीकडूनच यायला हवा. नसेल तर बुटाची आरशात दिसते तशी, डावं-उजवं बदललेली झेरॉक्स काढा. टाचेखाली मऊ पेन्सिलने नखाएवढी सावली द्या, टाचेशी गडद आणि बाहेर विरत जाणारी. त्या सावलीसरशी कावळ्याला वजन येतं. तो बुटात उभा राहतो, आणि बघणाऱ्याला प्रश्न पडतो की लेस याने बांधली कशी. विनोद तिथे आहे, बुटांत नाही. छत्री, चष्मा, टोपी हे सगळं त्याच चित्रात कोंबलं तर तो प्रश्न पडायला जागाच उरत नाही.

अचूकपणाला शिक्षण लागतं असं वाटत असेल तर मेरी डिलेनीची कागदी फुलं बघा. या इंग्रज बाईने वयाच्या बहात्तराव्या वर्षी हे काम सुरू केलं. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे चिकटवून तिने दहा वर्षांत जवळपास हजार वनस्पती केल्या, एकेका फुलाला कधी शेकडो तुकडे. १७८२ च्या सुमारास दृष्टी अधू झाली तेव्हा थांबली. ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत त्या. फुलं गमतीदार नाहीत म्हणा, पण कात्री कशी धरतात ते कळतं.

विकण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे-मागे विचाराल. मूळ चित्रं सावकाश जातात. छापील प्रती, कार्डं आणि कार्यशाळा यांवर घर चालतं, तेही नियमित असेलच असं नाही. मात्र विकायचं ठरवलंत की दुसऱ्याचे फोटो किंवा चालू मासिकांतली चित्रं उचलू नका, हक्कांची भानगड होते. ॲमस्टरडॅमचं राइक्स म्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि स्मिथसोनियन यांनी लाखो चित्रं कुणालाही वापरायला खुली केली आहेत, पक्षी आणि बूट दोन्ही भरपूर सापडतील. फक्त प्रिंट लेझरवर काढा. इंकजेटची बहुतेक शाई गोंद लावताच पसरते, आणि मग तुम्ही पुन्हा मला चिखलाबद्दल विचाराल.