काच कोरडी, तरी वायपर फिरतो

प्रश्न : दगड लागून समोरची काच तडकली, म्हणून नवी बसवून घेतली. तेव्हापासून ऑटोवर ठेवलेले वायपर लख्ख उन्हात फिरतात आणि पाऊस आला की उशिरा जागे होतात. पाऊस ओळखणारा सेन्सर नवा घालायला सांगितला आहे. घालावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : इतक्यात नको. काच बदलल्यावर सुरू झालेल्या या तक्रारीत पहिला संशय सेन्सर आणि काच यांच्यामधल्या जेल पॅडवर घ्यावा.

सेन्सर पाणी मोजत नाही, परत आलेला प्रकाश मोजतो. आरशामागच्या डबीतला एलईडी डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश काचेत साधारण ४५ अंशांत सोडतो. काचेबाहेर हवा असेल तर सुमारे ४२ अंशांपेक्षा तिरका आलेला प्रकाश बाहेर पडू शकत नाही. तो पूर्ण परावर्तित होऊन फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागावर पोहोचतो. त्याच जागी बाहेरून थेंब बसला की ही मर्यादा ६० अंशांच्या पुढे जाते आणि ४५ अंशांतला प्रकाश पाण्यातून निसटतो. परतणारा प्रकाश किती आणि किती झपाट्याने घटला, त्यावरून वायपर कधी आणि किती वेगाने फिरवायचा ते ठरते.

हा प्रकाश डबीतून काचेत जातो तो पारदर्शक सिलिकॉन जेल पॅडमधून. तिथे हवेचा बुडबुडा, धूळ किंवा बोटाचा ठसा राहिला की हिशेब चुकतो. बुडबुडे उन्हाने फुगतात, गारव्याने आकसतात, म्हणून लक्षणेही रोज वेगळी दिसतात. काच बदलताना जुनाच पॅड पुन्हा चिकटवणे, ही नेहमीची कारागिरी!

आधी बाहेरून टॉर्च मारून आरशामागची जागा पाहा. चंदेरी ठिपके दिसले तर तेच बुडबुडे. मग इग्निशन बंद करून आरशामागचे कव्हर काढा, सेन्सरच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा सोडवा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. तुमच्या सेन्सरसाठीचाच नवा पॅड एका कडेकडून दाबत बसवा, म्हणजे हवा दुसऱ्या कडेने निघून जाते. पुन्हा टॉर्च मारून खात्री करा. शेजारी कॅमेरा असेल तर त्याला आणि त्याच्या ब्रॅकेटला हात लावू नका. तो हलला तर कॅलिब्रेशनचे, म्हणजे तो पुन्हा अचूक जुळवण्याचे वेगळे काम निघते.

तपासणीसाठी इग्निशन चालू करून वायपरची दांडी ऑटोवर आणि संवेदनशीलता सर्वांत जास्त ठेवा, मग सेन्सरसमोर बाहेरून स्प्रे बाटलीने पाणी मारा. इतरत्र मारून उपयोग नाही, कारण तो काचेचा जेमतेम काही चौरस सेंटिमीटरचा भाग पाहतो. तरीही गडबड राहिली तर स्कॅनर लावून सेन्सरची नव्या काचेशी जुळणी करून घ्यावी. काही गाड्यांत ती करावीच लागते.

एक साधे कारण मात्र विसरू नका. रबर झिजून सेन्सरपुढेच पाण्याची रेघ सोडत असेल, तर सेन्सरला ती रेघ पाऊसच वाटते. वायपर फिरतो, पुन्हा रेघ, पुन्हा वायपर.

प्रश्न : घाटात धुके असले की ऑटो वायपर नीट चालत नाहीत. दोष आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुधा नाही. धुक्याचे कण इतके बारीक असतात की सेन्सरच्या एवढ्याशा जागेवर प्रकाशात ठळक फरक पडायला वेळ लागतो. तोवर हाताने एकेक फेरी मारावी. आणि काच आतून धुरकटली असेल तर वायपरचा काही संबंधच नाही. एसी चालू करून हवा काचेवर सोडा.

प्रश्न : पाऊस नसताना दांडी ऑटोवर ठेवली तर चालते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आमचे मत, उन्हाळ्यात बंदच ठेवा. बऱ्याच गाड्या ऑटोवर टाकताच वायपर एकदा फिरवून दाखवतात. धुळीने माखलेल्या कोरड्या काचेवर ती एक फेरीही ओरखडे पाडते. गाडी धुताना तर नक्की बंद करा, नाहीतर पुसणाऱ्याचा हात वायपरखाली सापडेल किंवा त्याच्या फडक्यात अडकून पाते वाकेल.