सही करण्याआधी वर्षं मोजा

प्रश्न: न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत मी साडेचौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेय. वय 52, ग्रीन कार्ड आहे. आमच्या विभागाचं सगळं काम पुण्याला हलवलंय. दोन महिने तिथल्या मुलांना मीच झूमवर ते शिकवतेय, तेही मराठीत! आता 30 दिवसांची नोटीस हातात पडलीय. सहा आठवड्यांचा पगार देऊ म्हणतात, पण ‘कंपनीवर कुठलाही दावा करणार नाही’ अशा एका कागदावर दहा दिवसांत सही हवी. आमच्या ऑफिसातून 38 आणि राज्यातल्याच दुसऱ्या ऑफिसातून 24 जण जातायत. एका ऑफिसात पन्नास भरत नाहीत, म्हणून लेऑफचा कायदा लागू नाही, असं एचआर सांगते. देशभरात कंपनीत हजारेक लोक आहेत. काम परदेशी गेलं तर सरकार मदत करतं, असं एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं. ती कशी मिळवायची? आणि ही शिकवणी मी नाकारू शकते का?

उत्तर: ताई, सहकाऱ्याने सांगितलेली मदत खरीच होती, आता शिळी झालीय. ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स, म्हणजे टीएए, ही 1974 च्या व्यापार कायद्यातली योजना. तिघा कामगारांनी मिळून फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, श्रम खात्याकडे अर्ज केला आणि काम आयातीमुळे किंवा परदेशी हलवल्यामुळे गेलं असं ठरलं, की नव्या कामाच्या शिक्षणाची फी आणि बेकारी भत्ता संपल्यावरही शिकता शिकता आठवड्याचा भत्ता मिळायचा. तुमच्या क्षेत्रातल्या लोकांना मात्र तिने बरीच वर्षं दारातच उभं केलं. प्रोग्रामर ‘वस्तू’ बनवत नाहीत, असं खात्याचं म्हणणं! काहीजण अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेले, तेव्हा 2006 मध्ये सॉफ्टवेअरही वस्तू ठरलं. 2009 मध्ये सेवा क्षेत्राला स्पष्टपणे आत घेतलं, पुढे कायदा बदलत राहिला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मुदत वाढवली नाही आणि 1 जुलै 2022 पासून नव्या अर्जांवर निर्णय देणंच बंद झालं. त्याआधी पात्र ठरलेल्यांनाच लाभ चालू राहिले. त्या दारावर वेळ घालवू नका.

तुमचे खरे पैसे टेबलावरच्या त्या कागदात आहेत.

एचआरचा हिशोब बहुधा फेडरल वॉर्न कायद्याचा, म्हणजे मोठ्या लेऑफआधी नोटीस द्यायला लावणाऱ्या कायद्याचा आहे. तिथे 60 दिवसांची नोटीस लागते आणि माणसं एका जागेची मोजतात. न्यू जर्सीचा स्वतःचा वॉर्न कायदा आहे आणि तो 10 एप्रिल 2023 पासून कडक झालाय. कंपनीत 100 कर्मचारी असले, ती इथे तीन वर्षांहून जुनी असली आणि राज्यभरातून मिळून 50 जणांना काढलं, की तो लागू होतो. तुमचे 38 आणि 24 मिळून 62 झाले. नोटीस 90 दिवसांची हवी होती. शिवाय नोटीस पूर्ण दिली तरी सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला एक आठवड्याचा पगार द्यावाच लागतो आणि नोटीस अपुरी असेल तर वर चार आठवडे. तुमचे चौदा अधिक चार, अठरा आठवडे. कंपनी सहा देतेय, आणि तेही उपकार केल्यासारखे.

या कायद्यातला हक्क सही करून परस्पर सोडताही येत नाही. त्याला राज्याच्या श्रम आयुक्तांची किंवा न्यायालयाची मंजुरी लागते. तुमच्याकडून दावे सोडल्याची सही हवी असेल, तर कंपनीने या अठरा आठवड्यांच्या वर काहीतरी द्यायला हवं.

दहा दिवसांची मुदतही पोकळ आहे. चाळिशीच्या पुढच्या माणसाकडून वयाच्या भेदभावाचा दावा सोडवून घ्यायचा असेल, तर सामूहिक लेऑफमध्ये विचाराला 45 दिवस आणि सही मागे घ्यायला 7 दिवस द्यावे लागतात. सोबत कोणाला काढलं, कोणाला ठेवलं याची पदं आणि वयं असलेला तक्ता जोडावा लागतो. तुमच्या कागदामागे तो आहे का ते आजच बघा. असेल तर वयांवरून बोट फिरवा. नसेल तर वयाच्या दाव्यापुरती ती सही टिकणार नाही. मग एचआरला दोन ओळींची ईमेल टाका: कागद वकिलाला दाखवतेय, राज्याच्या वॉर्न कायद्याप्रमाणे हिशोब पाठवा. फोनवर काही कबूल करू नका.

शेवटच्या दिवसानंतर लगेच बेकारी भत्त्याचा अर्ज करा, सेव्हरन्सची, म्हणजे काढताना कंपनी देते त्या पैशांची, वाट बघत थांबू नका. सेवेच्या वर्षांवर ठरलेली एकरकमी सेव्हरन्स इथे भत्त्याच्या आड येत नाही. नोटिशीऐवजी दिलेला पगार मात्र येऊ शकतो, म्हणून कुठली रक्कम कशाची ते लेखी घ्या. भत्ता जास्तीत जास्त 26 आठवडे मिळतो. नवं काही शिकायचं असेल तर राज्याच्या करिअर सेंटरमध्ये ‘डिस्लोकेटेड वर्कर’ म्हणून नोंद करा. तिथे फेडरल निधीतून प्रशिक्षणाची फी मिळू शकते. टीएएची जागा काही अंशी हीच योजना घेते, पण निधी मर्यादित असतो, लवकर जा. आरोग्य विम्यासाठी कोब्रा, म्हणजे कंपनीचाच विमा पुढे चालू ठेवायची सोय, 18 महिने मिळतो आणि तो निवडायला 60 दिवस असतात. सगळा हप्ता आपल्यालाच भरावा लागतो, तेव्हा मार्केटप्लेसचे, म्हणजे सरकारी विमा बाजाराचे, भाव आधी बघा. (तुमच्यातलं कोणी एच-1बी या कामाच्या व्हिसावर असेल तर नोकरी गेल्यावर देशात राहायचे त्यांचे 60 दिवस वेगळे आणि फार कडक, त्यांना इमिग्रेशन वकिलाकडे पाठवा.)

आता शिकवणी. मनातून मला तुमची बाजू कळते, पण नाकारू नका. गैरवर्तनाचा ठपका लागला तर बेकारी भत्ता आणि ही सक्तीची सेव्हरन्स, दोन्ही अडचणीत येतील. वैतागून आधीच राजीनामाही टाकू नका आणि कंपनीच्या फाइली घरच्या ईमेलवर पाठवू नका. नोटीस, ऑफर लेटर आणि पगाराच्या स्लिपा तेवढ्या घरी असू द्या. मुलांना हवं ते शिकवा, कुठल्या दिवशी किती तास शिकवलं ते वहीत लिहा आणि पाच वाजता झूम बंद करा.